कापसाचं पोट

ताईचं पोट मी शिवलं. शिवणकाम हा माझा धंदा. उशांपासून झबल्यांपर्यंत काहीही शिवते, पण असलं काम आयुष्यात पहिल्यांदाच आलं. मांजरपाटाची पिशवी, आत कापूस, पाठीमागे बांधायला बंद. दर महिन्याला ती उसवायची, मूठभर कापूस वाढवायचा आणि पुन्हा टाके घालायचे.

खरं पोट होतं माझ्या भाचीचं, ताईच्या लेकीचं. वय सोळा, शाळेचं शेवटचं वर्ष. ज्या मुलानं हे केलं त्याच्या आईबापांनी ‘आमचा मुलगा तसला नाही’ म्हणून दार लावून घेतलं आणि त्याला काकाकडे शिकायला धाडलं. त्याची शाळा एक दिवस बुडली नाही. पोरीला मात्र माझ्या मागच्या खोलीत आणून ठेवलं, कोणी विचारलं तर कावीळ झाली म्हणायचं. चूक दोघांची आणि कोंडायचं एकीला, याचा मला आजही संताप येतो.

ताईचा बेत सरळ होता. मूल आपलं म्हणून वाढवायचं, पोरीनं पुन्हा शाळेत जायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. चाळिशी उलटलेल्या बाईला दिवस गेले म्हणून गल्ली हसली, भावजींना चिडवून झालं. ताई छान लाजायची. सोंग आणलं की ते वठवावं लागतंच. पण एकदा माझ्याच घरात, दार बंद, बघायला कोणी नाही, तरी ती कमरेवर हात टेकून जड पावलांनी पाणी प्यायला गेली. मी म्हटलं, ताई, आता तरी सोड ती पिशवी.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आत्ताच लाथा मारायचं थांबलंय.”

मला वाटलं, थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

बाळंतपण माझ्याच घरी झालं. ओळखीची नर्सबाई आली होती. भाची माझं मनगट आवळून एकच म्हणत होती, दिवा बंद करा, डोळ्यांत घुसतोय. मुलगी झाली. नाळ कापल्याबरोबर ताईनं तिला उचललं आणि बाहेरच्या खोलीत नेलं. भाचीनं हात पुढे केले होते. एकदा घेतलं की सुटायचं नाही, असं ताईचं म्हणणं.

दीड महिन्यानं मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ताई शेजारणींना आपलं बाळंतपण सांगत होती. कळा कशा आल्या, घाम कसा फुटला. “मी आपली एकच सांगत होते,” ती म्हणाली, “दिवा बंद करा, डोळ्यांत घुसतोय.” शेजारणी हळहळल्या. स्वयंपाकघराच्या दारातून भाची दिसत होती. ती बाळाच्या बाटल्या उकळत होती.

शेजारणी गेल्यावर मी ताईला धरलंच. नाटक लोकांसाठी होतं, घरात तरी पोरीला तिचं लेकरू घेऊ दे, असं तोंडावर सांगितलं. ताईनं कीव आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

“तुला मूल नाही ना,” ती म्हणाली. “आम्हाला काय सोसावं लागतं, ते तुला नाही कळायचं.”

भिंतीशी बोलावं तसं झालं. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि भाचीला म्हटलं, कपडे भर, बाळाला घे, माझ्याकडे चला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार, शिवणावर आपलं तिघींचं भागेल. ती बाटली पुसत राहिली.

“मावशी,” तिनं विचारलं, “दिवा बंद करा, असं कोण म्हणालं होतं?”

“तू. माझा हात धरून.”

“नक्की?” बाटली पुसून कोरडी झाली होती, तरी ती पुसतच होती. “मला ते आईच्याच आवाजात आठवतं.”

आत बाळ रडायला लागलं. भाचीचा झगा छातीवर ओला होत गेला. तिनं दोन्ही हात त्यावर घट्ट दाबून धरले आणि जागची न हलता हाक मारली.

“आई, तुझं बाळ रडतंय.”