जनीचा दोर

विठोबाला तुम्ही कुठेही गाठा, टपरीवर, जेटीवर, कुणाच्या बारशाला, पाच मिनिटांत तो आपले दोन्ही तळवे तुमच्यापुढे उघडणार म्हणजे उघडणार. तळव्यांवर आडवे पांढुरके वण. "हे बघा. बेचाळीस वर्सांमागच्या वादळात चार तास दोर धरला व्हता. एकट्यानं. पण जनीला दर्यात जाऊ दिली न्हाय!"

जनी म्हणजे त्याची होडी. आई गेली त्या वर्षी बापाने ती बांधून घेतली आणि आईचंच नाव ठेवलं. तेव्हापासून घरात तिला होडी कुणी म्हणालं नाही. दिवाळीत पहिलं तेल-उटणं जनीला, मग घरच्यांना. लग्न ठरलं की पहिला पेढा जनीला. तिच्या फळ्या इतक्या वेळा बदलल्या की मूळची एखादी उरली असली तरी नशीब, पण हे विठोबासमोर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

निसर्ग वादळात श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कोळीवाड्यातली निम्मी कौलं उडाली. तेव्हापासून टेकडीवरच्या शाळेत दरवर्षी वादळाची रंगीत तालीम सुरू झाली. मृणाल बाईंनी मोठ्या हौसेने ती अंगावर घेतली. बाई पालीकडच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. विठोबा त्यांना चिडवायचा, "बाई, तुमच्याकडं वारा भात उफणायला लागतो. आमच्याकडं तो माणसं उफणतो."

"म्हणून तर तुम्हाला बोलावतेय," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी या आणि मुलांना वादळ कसं असतं ते सांगा."

सांगा म्हटल्यावर काय! विठोबा धुतलेला सदरा घालून गेला. वारा कसा घोंगावला, पाणी कसं गळ्याशी आलं, सगळं हातवारे करून सांगितलं आणि शेवटी तळवे उघडले. पोरं आ वासून बघत राहिली. सहावीतली दिशा, त्याची नात, तर अशी ताठ बसली होती की जणू दोर तिनेच धरला होता.

त्यानंतर बाईंनी नियम घोकून घेतला. रविवारी पोरं घरी असताना शाळेची घंटा न थांबता वाजेल. ती ऐकली की घरातल्या म्हाताऱ्यांचा हात धरायचा आणि सरळ टेकडीवर यायचं. "वस्तू सोडा, माणसं धरा!" पोरांनी एवढ्या जोरात आरोळी दिली की खालच्या ओट्यावर बोंबील वाळवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

रविवारी घंटा झाली. बाईंनी वर डोकी मोजली. अठ्ठेचाळीसपैकी एक्केचाळीस. पुन्हा मोजली, एक्केचाळीसच. मग टेकडीच्या कडेवरून त्यांनी खाली बघितलं. सात पोरं भरतीच्या पाण्यात उभी होती. सगळ्यात पुढे दिशा. सगळ्यांच्या हातात जनीचा दोर, आणि शेवटी उभ्या असलेल्या पहिलीतल्या ओंकारच्या हनुवटीला पाणी लागलेलं.

पोहता न येणाऱ्या बाई धावत खाली आल्या आणि साडीसकट पाण्यात शिरल्या. एकेकाला ओढून बाहेर काढलं, ओंकारला छातीशी धरलं आणि मग ओरडल्या, "काय शिकवलं होतं मी? वस्तू सोडा म्हणून सांगितलं होतं ना?"

दिशाला तर नवलच वाटलं. "बाई, वस्तू कुठं धरली? जनी आमच्या घरातली म्हातारी हाय. आजा म्हणतो, आयेला टाकून कोण पळतं?"

संध्याकाळी बाई विठोबाच्या दारात आल्या, ओल्या चपला हातात घेऊन. "आजोबा, तुमची गोष्ट माझ्या घंटेपेक्षा मोठी आहे. पुढच्या रविवारी पुन्हा तालीम आहे. मुलं माझं ऐकणार नाहीत. आता काय ते तुम्ही बघा."

विठोबा हसण्यावारी नेणार होता. तेवढ्यात दिशा आतून आली आणि तिने त्याच्यापुढे दोन्ही तळवे उघडले. काथ्याच्या दोराने सोललेले, लाल. "आजा, बघ ना! मला पण आले!"

त्या रात्री विठोबा भरल्या पानावरून तसाच उठला.

कारण खरं असं होतं, की दोर एकट्याने धरलेला नव्हता. दोर दोन होते. दुसरा धर्माजीने धरला होता, त्याच्या थोरल्या भावाने.

धर्माजी! केवढा मोठा होता तो! पालीच्या जत्रेत विठोबाला खांद्यावर बसवून दिवसभर फिरला होता. पाण्यावर उताणं पडायला शिकवताना पाठीखाली नुसतं एक बोट धरायचा आणि कधी काढून घ्यायचा ते कळायचंही नाही. जेवताना सुरमईचं डोकं न बोलता विठोबाच्या पानात सरकवायचा. गाणी म्हणायचा, सगळी बेसूर, आणि कुणी हसलं की आणखी मोठ्याने म्हणायचा. बेचाळीस वर्षं झाली तरी पहाटे जेटीवर कुणी बेसूर गायलं की विठोबाची मान आपोआप वळत असे.

त्या दुपारी धर्माजी किनाऱ्यावरून ओरडत होता, "विठू, सोड! वर जा!" चोवीस वर्षांच्या विठोबाने सोडला नाही. धाकटा सोडत नाही म्हटल्यावर थोरला पाण्यात उतरला आणि दुसरा दोर धरला. जनी वाचली. धर्माजी तिसऱ्या दिवशी सापडला.

दर्याने नेलेल्याचं नाव होडीजवळ घ्यायचं नाही, असा कोळीवाड्याचा रिवाज. पहिल्यांदा विठोबाने तो पाळला. मग गोष्ट टपरीवर सांगतानाही पाळला. मग ती गोष्टच तशी झाली, आणि तिच्यात तो एकटाच उरला.

सोमवारी सकाळी तो सोनूबाईच्या ओट्यावर गेला. सोनूबाई धर्माजीची बायको. या घरात लग्न होऊन आली तेव्हा विठोबा बारा वर्षांचा होता. ती सुकट निवडत होती.

"वयनी, तुला एक सांगायचंय. दादा मला सोड म्हणत व्हता. मी सोडला न्हाय, म्हणून तो आला."

सोनूबाईचा हात थांबला नाही. "ठाऊक हाय. तवाच सांगितलं व्हतं लोकांनी."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"काय बोलू? लेकरू व्हतास तू पण." तिने सूप खाली ठेवलं. "त्याचा राग न्हाय मला विठू. पण गावभर तू ती गोष्ट सांगतोस आन् तिच्यात ते नसतातच. मी इथं ओट्यावर बसून ऐकते. बेचाळीस वर्सं वाट बघते, आज तरी ह्यांचं नाव घेईल म्हणून."

विठोबा तिथेच बसून रडला, म्हाताऱ्या माणसाने रडावं तसा, नाक ओढत. सोनूबाईने त्याला रडू दिलं. मग सूप उचलत म्हणाली, "पोरांना सांग. नाव घेऊन सांग."

शनिवारी तो वर्गात उभा राहिला. या वेळी हातवारे नाहीत, तळवे उघडणं नाही. जत्रेपासून सुरुवात केली, पाठीखालचं बोट सांगितलं, बेसूर गाणं म्हणून दाखवलं, पोरं हसली. मग दुसरा दोर सांगितला. "माझा भाव धर्माजी म्हणाला, सोड, वर जा. मी ऐकलं न्हाय. लाकूड राहिलं, माणूस गेला." दिशा खाली मान घालून आपल्या तळव्यांवरची खपली बघत होती.

रविवारी सकाळपासून वारा पडला नव्हता. विठोबा दिशाला घेऊन किनाऱ्यावर जनीचे दोर बघायला गेला आणि तेवढ्यात वर घंटा सुरू झाली. ठण ठण ठण. घराघरांतून पोरं निघाली, कुणी आजीचा हात धरलेला, कुणी धाकट्या भावाचा. नेमका त्याच वेळी जनीचा पुढचा दोर खुंटावरून निसटला. जनी वळली.

विठोबाचे पाय पाण्याकडे गेले. त्याने ठरवलं नव्हतं, ते आपले गेलेच.

दिशाने त्याचं मनगट धरलं. "आजा, वर."

"अगं, दोर सुटलाय! तालीमच हाय ना, एवढं बांधून..."

"सुटू दे." तिचे डोळे भरले होते, पण पकड सैल झाली नाही. "धर्माआजा काय म्हणाला व्हता? सोड, वर जा. तू ऐकलं न्हाईस. आता ऐक ना रे!"

विठोबा उभा राहिला. मागे जनीचं लाकूड खडकावर आपटल्याचा आवाज आला. आई हाक मारतेय असं त्याला वाटलं, अगदी खरोखर वाटलं. तरी तो वळला आणि नातीच्या हाताला धरून टेकडी चढू लागला.

वर मृणाल बाई डोकी मोजत होत्या. अठ्ठेचाळीस. त्यांनी पुन्हा मोजली आणि पदराने तोंड पुसलं. वडाच्या पारावर सोनूबाई बसली होती, तिलाही कुणा पोराने हात धरून आणलं होतं. तिने विठोबाला बाजूला जागा करून दिली. त्याला धाप लागली होती.

"आलास," ती म्हणाली. "बरं झालं."