खिडकीखालचे सहा वरंबे

"फुलाकडे नको बघू. मान बघ, मान!" डॅफोडिलच्या शेतात लव्हडे शाळेतल्या छोट्या टेगनला सांगत होती. "ताठ असली तर अजून कोवळी आहे, राहू दे. बदकासारखी वाकून खाली बघायला लागली, की खुडायची."

"आणि पिवळं दिसलं तर?" मी मुद्दाम विचारलं.

"तर उशीर झाला!" माझी बावीस पोरं एका सुरात ओरडली.

"आणि ज्याचं शेत पिवळं झालं तो?"

"आळशी!"

लव्हडे खूश झाली. जानेवारीतली सकाळ होती, समुद्रावरून बोचरं वारं येत होतं. तिच्या डाव्या मनगटावर रबरबँडांचा जाड थर होता, मुलींच्या बांगड्यांसारखा. दहा देठ, एक बँड, टोपलीत. दहा देठ, एक बँड. बोलताना तिचे हात थांबत नसत. शाळेतून निवृत्त झालो तरी दरवर्षी पोरांना तिच्याकडे आणण्याचं काम मी सोडलं नव्हतं. वर्गात जे शिकवायला मला आठवडा लागायचा, ते ती वाकल्या वाकल्या दहा मिनिटांत शिकवायची.

"पण मावशी, हिरवंच का पाठवायचं?" टेगनने विचारलं. "लोकांना तर पिवळं हवं असतं."

"कारण गिऱ्हाईक लांब असतं, राणी. तिकडे उत्तरेला अजून बर्फ आहे. कुणीतरी बाई आपल्या ह्या हिरव्या काड्या घेते, दुधाच्या बाटलीत ठेवते. सकाळी उठून बघते तर सगळं स्वयंपाकघर पिवळं! तिचा वसंत त्या दिवशी सुरू होतो. तो इथून जातो, ह्या टोपलीतून. फूल तिच्याकडे उमलायला पाहिजे, आपल्याकडे नाही. कळलं?"

आमच्याकडे पाहुणे मोटारी थांबवून विचारतात, पिवळी शेतं कुठे बघायला मिळतील? आम्ही खांदे उडवतो. पिवळं शेत म्हणजे माणसं कमी पडली, नाहीतर मुकादम झोपला. लव्हडे सव्वीस वर्षं मुकादम होती आणि तिचं एकही शेत कधी पिवळं झालं नव्हतं. हे ती स्वतः सांगत नसे. गावच सांगे.

तिचा नवरा डेन्झिल. एक्केचाळीस वर्षं त्याने ट्रॅक्टरवरून ह्याच टोपल्या बांधणीच्या शेडपर्यंत नेल्या. नोव्हेंबरात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, थट्टा मात्र शाबूत राहिली. लव्हडेने त्याची खाट खालच्या खोलीत खिडकीशी आणली. खिडकीबाहेर कुंपण आणि कुंपणापलीकडे चर्चखालचं शेत. दर गुरुवारी मी त्याच्याकडे पत्ते खेळायला जात असे. त्याचे पत्ते मीच लाकडी फळीच्या खाचेत उभे करून द्यायचो आणि तो म्हणायचा, "मास्तर, बघू नका हं." मग जिंकायचा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी लव्हडे शेतावरून आली, बूट दारात काढले आणि चहा ओतू लागली. डेन्झिल खिडकीकडे बघत होता.

"लव्हडे, एक मागू?"

"केशराचा पाव संपला. उद्या आणते."

"पाव नको." तो एकेक शब्द सावकाश जुळवत होता. "एक्केचाळीस वर्षं हिरव्या काड्या वाहिल्या. शेत उमललेलं कसं दिसतं, ते बघायचंय."

"दुकानात जाऊन बघ."

"चालत?"

दुसऱ्या दिवशी तिने दहा देठांचा एक जुडगा मगात ठेवून त्याच्या उशाशी मांडला. तीन दिवसांत तो उमलला. पुढच्या गुरुवारी मी गेलो तेव्हा डेन्झिल त्या मगाकडे डाव्या हाताने बोट करून म्हणाला, "मास्तर, हे दहा झाले. मी शेत म्हणालो होतो."

"माझं नाक कापायला निघालाय हा माणूस," लव्हडे म्हणाली. "सगळं गाव चर्चला त्याच रस्त्याने जातं! काय म्हणतील?"

"म्हणतील, लव्हडे म्हातारी झाली."

"झालेय का?"

"तू नाही गं. मी झालोय."

ती उठली आणि नसलेल्या कामासाठी स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत होता. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मास्तर, हे ह्या खोलीतच राहू दे. कुणी माझी कीव केलेली मला चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी तिने पेरनला गाठलं. शेतं पेरनच्या बापाची होती, आता कारभार तो पाहत होता. हे मला त्यानेच नंतर सांगितलं.

"चर्चखालच्या शेतात, माझ्या कुंपणालगतचे सहा वरंबे खुडायचे नाहीत."

"का? रोग पडलाय?"

"नाही."

"मग? तब्येत बरी आहे ना, लव्हडे?"

"सव्वीस वर्षांत तुझ्याकडे, तुझ्या बापाकडे काही मागितलं?"

पेरनने थोडा विचार केला आणि म्हणाला, "सहाच ना?"

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं. बाकीचं शेत रोजच्या खुडणीने हिरवंगारच राहिलं आणि कुंपणालगत सहा वरंबे पेटल्यासारखे पिवळे झाले. चर्चच्या फाटकातूनसुद्धा दिसायचे. लोक बोलू लागले. बेकरीत कुणीतरी म्हणालं, डोळे अधू झाले असतील. खुडणाऱ्या टोळीतला स्तोयान, बारा वर्षं बल्गेरियाहून खुडणीला येणारा, सगळ्यांत जलद हाताचा माणूस. तो तिच्यादेखत म्हणाला, "मुकादमबाई, ते सहा कुणासाठी ठेवलेत? मधमाश्यांसाठी?" टोळी हसली. लव्हडे मनगटावर नवे बँड चढवत म्हणाली, "तू तुझी ओळ बघ. मागे चार देठ सोडलेस." त्याने सोडले होते. पण त्या दिवशी चहाच्या सुट्टीत ती एकटीच उलट्या टोपलीवर बसली. हे मी रस्त्यावरून पाहिलं आणि गप्प राहिलो, कारण शब्द दिला होता.

आईच्या रविवारच्या, म्हणजे इथल्या मातृदिनाच्या, आधीच्या शुक्रवारी मी पोरांना पुन्हा घेऊन गेलो. दरवर्षी प्रत्येक मूल आपल्या आईसाठी एक जुडी स्वतः खुडतं, हिरवी, म्हणजे रविवारी सकाळी घरात उमलेल. पोरांनी माना नीट तपासल्या, देठ खालून तोडले, बँड लावताना बोटं चिमटून घेतली. टोळीही त्याच शेताच्या वरच्या टोकाला शेवटचा हात फिरवत होती. आणि टेगनला ते सहा वरंबे दिसले.

"मावशी," ती मोठ्याने म्हणाली, "हे पिवळं झालंय! हे आळशी माणसाचं आहे ना?"

टोळीतले हात थांबले. स्तोयान बँड बोटांत ताणून तसाच उभा राहिला. मी तोंड उघडलं, तर लव्हडेने माझ्याकडे न बघताच हात वर करून मला थांबवलं. पोर शिकवलेलंच बोललं होतं. चूक कुणाची?

ती कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. पूर्ण सरळ व्हायला तिला आता वेळ लागतो.

"टेगन, आपण हिरवं का खुडतो?"

"गिऱ्हाईक लांब असतं म्हणून."

"बरोबर. आणि गिऱ्हाईक जवळच राहत असलं तर?"

टेगनने खूप विचार केला. घाई करू नये, मुलांना विचार करायला वेळ द्यावा, एवढं मी आयुष्यात शिकलो आहे. लव्हडेलाही ते ठाऊक होतं. ती थांबली.

"मग... खुडायचंच नाही? इथेच उमलू द्यायचं?"

"शाबास. ह्या सहाचं गिऱ्हाईक जवळ आहे. माल पोचलाय." तिने कुंपणापलीकडच्या खिडकीकडे हात केला. टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे शेत माझं आहे. मी ठेवलंय."

सगळी पोरं वळली. काचेमागे उशीला टेकून डेन्झिल बसला होता. पोरांनी हात हलवले. थोड्या वेळाने, जड वस्तू उचलावी तसा, त्याने डावा हात उचलला.

स्तोयानने बँड जुडीवर चढवला आणि पुन्हा खुडायला वाकला.

भरलेल्या टोपल्या रस्त्यावरच्या ट्रॅक्टरपर्यंत न्यायला कुंपणालगतची वाट सगळ्यांत जवळची होती. त्या दुपारी आणि खुडणी संपेपर्यंत टोळीतलं कुणीही त्या वाटेने गेलं नाही. डोक्यापर्यंत रचलेल्या टोपल्या घेऊन ते चर्चकडून लांबचा वळसा घालत, खिडकी आणि सहा वरंबे ह्यांच्या मधून जायला नको म्हणून.