दाराआड उभी राहिलेली कुंदा

मुलांनो, जरा माझ्याबरोबर कल्पना करा. तुम्ही बारा वर्षांचे आहात. जून महिना आहे. एसटीच्या मागच्या बाकावर आदळत-आपटत तुम्ही वडिलांबरोबर जळगावला आला आहात. समोर एक दार आहे. आत टेबलामागे एक अनोळखी बाई बसल्या आहेत आणि त्या तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदाच पाहणार आहेत. तुम्ही आत कसे जाल? हात कुठं ठेवाल? नजर कुठं ठेवाल?

आता तुम्ही बाजूला व्हा आणि तुमच्या जागी कुंदाला उभं करा.

कुंदा तापीपलीकडच्या एका लहान गावातली. घरी केळीचा मळा. गावची शाळा सातवीपर्यंतच होती, आणि कुंदा सातवी पास झाली होती. पुढं शिकायचं तर जळगावात मुलींच्या वसतिगृहात राहायला हवं. एकच जागा उरली होती. ती मिळाली नाही तर शाळा संपली, हे घरात कोणी बोललं नव्हतं. पण कुंदाला ते ठाऊक होतं. तिनंच वडिलांच्या, म्हणजे रतिलालभाऊंच्या, मागं लागून त्यांना इथवर आणलं होतं.

"कुंदा कोण? ये गं आत," प्रमिलाबाईंनी हाक मारली. त्या वसतिगृहाच्या प्रमुख.

आता कुंदाच्या घरची एक रीत सांगतो. घरात पाहुणे आले की पोरींनी एकदम पुढं जायचं नाही. दाराच्या चौकटीआड अर्धं उभं राहायचं. कोणी काही विचारलं तर खाली बघून, तोंडावर हात धरून, हळू आवाजात सांगायचं. कुंदाला हे इतकं छान जमायचं की गावात आयाबाया तिच्या आईचं नाव घेऊन म्हणायच्या, "लताबाईची पोर पाहा. असं वळण पाह्यजे!"

मग आज तर केवढा मोठा मान द्यायचा होता! कुंदा दाराआड उभी राहिली. अर्धीच दिसत होती. एक हात तोंडावर.

"अगं, आत ये. बस."

कुंदा आत आली खरी, पण मोठ्यांच्या बरोबरीनं खुर्चीवर कसं बसायचं? ती भिंतीशी, दाराजवळच्या फरशीवर बसली. मान खाली.

"तुला इथं राहायला आवडेल का?"

"हाव," कुंदा म्हणाली. पण ते 'हो' तोंडावरच्या हातातच राहिलं. टेबलापर्यंत पोचलंच नाही.

प्रमिलाबाईंनी दाराशी बसलेल्या पोरीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी आवाज मऊ केला. "रतिलालभाऊ, रागावू नका. मागच्या वर्षी माझ्याकडची एक मुलगी पळाली. स्टँडवर रडत सापडली. तिला इथं यायचंच नव्हतं, घरच्यांनी आणून सोडलं होतं. तेव्हापासून मी ठरवलंय, मनाविरुद्ध कोणाला ठेवायचं नाही."

"नही, बाई, तिचीच मर्जी हाये. तिनंच तं..."

"भाऊ, तुम्ही सांगताय. ती कुठं सांगतेय? पाहा ना, दार सोडायला तयार नाही."

रतिलालभाऊंनी लेकीकडे पाहिलं. कुंदाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हेही तिला घरीच शिकवलेलं होतं. ती गप्प बसली. आणि ते गप्प बसणंही बाईंना वेगळंच दिसलं.

"दुपारी भुसावळची एक मुलगी येणार आहे. ही जागा मी तिला देते," बाई म्हणाल्या. "हिला घरी न्या. लहान आहे अजून."

बघा हं, यात वाईट कोणीच नव्हतं. बाईंना पोरीची दया आली होती. कुंदानं बाईंना मान दिला होता. पण आपलं अंगही बोलत असतं, आणि ते काय बोलतंय हे समोरचा आपल्या अनुभवावरून ठरवतो. गावात ज्याला वळण म्हणतात, त्याला इथं नकार समजलं गेलं.

रतिलालभाऊ एसटीची वेळ विचारायला फाटकाबाहेर गेले. कुंदा अंगणातल्या नळाशी तोंड धुवायला गेली. तिथं एक मोठी मुलगी राखेनं ताट घासत होती. शिंदखेड्याची पुष्पा, नववीतली.

"काय वं, रडस का? बाई रागावल्या का?" पुष्पा आपल्या अहिराणीत म्हणाली.

"नही. त्यायले वाटलं मले राहाचंच नही."

"मंग राहनं शे का नई?"

"हाये ना!"

"मंग तू काय करं आत जाईसनी?"

कुंदानं दाखवलं. चौकट, हात, मान, फरशी. पुष्पा ताट ठेवून हसायलाच लागली.

"अवं येडी! तू तर बाईसले पाठ दखाडी उनी!" तिनं बादली उपडी केली आणि ऐटीत तिच्यावर बसली. "मी बाई. ये."

कुंदा आली. हात ताठ, छाती पुढं, मान वर.

"थांब! झेंडावंदन शे का आते?"

कुंदा पुन्हा मागं गेली आणि पुन्हा आली. या वेळी पुष्पाच्या डोळ्यांत एकटक पाहत.

"ओ माय! डोया कसाले वटारस? मी काय तुना वावरमा घुसेल म्हैस शे का?"

कुंदाला रडता रडता हसू फुटलं. "मंग कसं पाहू?"

पुष्पाला तरी कुठं नेमकं सांगता येत होतं? तिनं थोडा विचार केला. "ते ऱ्हाऊ दे. तुले आठे कसाले येनं शे, ते सांग."

आपल्याला इथं कशाला यायचंय, ते कुंदा सांगू लागली. मळ्यात पाणी कधी सोडायचं ते आबा, म्हणजे तिचे वडील, अंदाजानं ठरवतात, पण सातवीच्या पुस्तकात झाड पाणी कसं शोषतं ते दिलं होतं, फक्त अर्धंच. "पुढचं आठवीत हाये, असं गुरुजी म्हणे. मले ते पुढचं पाह्यजे. मुळाच्या आत काय व्हतं, पाणी वर कसं चढतं..." बोलता बोलता तिचे हात उघडले. एका हातानं तिनं मूळ दाखवलं, दुसऱ्या हातानं वर चढणारं पाणी. ती कधी पुढं सरकली, तिचं तिलाच कळलं नाही. पुष्पाच्या चेहऱ्याकडे ती बघत होती, ते फक्त ऐकणारीला कळतंय ना एवढं पाहायला.

"हां!" पुष्पानं बादलीवर थाप मारली. "हाई! आते तू जशी उभी शे ना, तशीच जाय. काही नवं करू नको."

तेवढ्यात रतिलालभाऊ आले. "चाल, बेटा. गाडी लागेल हाये."

कुंदा त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेली. तिथं थांबली. "आबा, जराक थांबा," एवढंच म्हणाली आणि वळली.

प्रमिलाबाई कागद आवरत होत्या. दारात सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. कुंदा चौकटीपाशी आली. क्षणभर तिचा हात सवयीनं तोंडाकडे गेला. तिनं तो खाली आणला आणि चौकट मागं टाकून ती सरळ टेबलापाशी आली. तिनं दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. मान खाली जायला लागली, तशी तिनं ती पुन्हा वर केली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"बाई, मी मघा खाली पाह्यत व्हती, ते तुमचा मान म्हणून. आमच्या घरी तसंच ऱ्हातं. मले इठी राहाचं हाये."

बाईंनी हातातले कागद खाली ठेवले.

कुंदा म्हणाली, "आता इचारा."