चौथ्या धड्याचं सातवं मिनिट

शिलाई मशीन दुरुस्तीचा ऑनलाइन कोर्स काढायचा असं संस्थेत ठरलं, तेव्हा शिकवणार कोण हा प्रश्न भिंगरीला पडलाच नाही. तिची सख्खी आत्या चाळीस वर्षं तेच करत आली होती. गल्लीच्या टोकाला आत्याचं दुकान. पुढच्या खोलीत दुरुस्तीला आलेली मशीनं, मागच्या खोलीत शिकायला आलेल्या मुली-बायका. मशीन नुसतं लांबून ऐकून आत्या सांगायची, "बॉबिन वाकडी बसलीय." आणि ती बसलेली असायची.

भिंगरी हे अर्थातच खरं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून आत्यानेच ठेवलेलं. आता दूरशिक्षण संस्थेत अभ्यासक्रम आखण्याची जबाबदारी तिच्यावर होती, हाताखाली दोन माणसं होती, तरी आत्याच्या तोंडी तेच नाव, आणि आत्याचं ऐकून आतोबांच्याही.

कोर्स मोठ्या हौसेने केला. आत्याने ठेवणीतले कपडे घातले, केस चापूनचोपून बसवले. भिंगरीने कॅमेरा टेबलाच्या पलीकडे, आत्याच्या अगदी समोर लावला, म्हणजे चेहरा छान दिसावा. आत्या बोलायला लागली की ऐकत राहावं अशी. बारा धडे झाले. विभागप्रमुखांनी पहिला धडा पाहून मान डोलावली, आणि चौसष्ट जणांनी नाव घातलं. कोणी बेटावरची, कोणी डोंगरापलीकडची, कोणी शंभर मैलांवर एखाद्या कारखान्यात काम करणारी.

तीन आठवड्यांनी भिंगरीने आकडे काढले. पहिला धडा सगळ्यांनी पाहिला होता. दुसरा, तिसरा जवळजवळ सगळ्यांनी. चौथ्या धड्यात मात्र एकेचाळीस जण गळाले होते. आणि गळाले होते तेही कुठेही नाही, सातव्या मिनिटाला. काहींनी ते मिनिट चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिलं होतं, आणि मग पुन्हा कोर्सकडे फिरकलेच नव्हते.

"घरबसल्या शिकणाऱ्यांचं असंच असतं," विभागप्रमुख म्हणाले. "आरंभशूर असतात. प्रत्येक धड्यानंतर एक शाबासकीचा तारा द्या, थोडं संगीत घाला."

"सर, आरंभशूर माणूस कुठेही थांबेल. एकेचाळीस जण एकाच मिनिटाला कसे थांबतील?"

"मग विचारा त्यांना," सर म्हणाले. सहज म्हणाले, पण भिंगरीने ते मनावर घेतलं.

तिने यादी काढली आणि रोज दुपारी फोन लावायला सुरुवात केली. पहिलीने सांगितलं, "वेळच मिळाला नाही हो." दुसरीच्या घरी पाहुणे होते. तिसऱ्या फोनवर एक गृहस्थ होते, गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसलेले शिंपी. ते म्हणाले, "करणार आहे, करणार आहे," आणि फोन ठेवून दिला. पहिले पाचही जण अतिशय गोड बोलले आणि कोणीही काही सांगितलं नाही.

सहावी एका इस्पितळाच्या धुलाई विभागात कामाला होती. फाटलेल्या चादरी शिवायला तिथे एक जुनं मशीन होतं, ते सारखं रुसायचं, म्हणून तिने कोर्स घेतला होता. तिने आधी वेळ नाही असंच सांगितलं. भिंगरी म्हणाली, "खरं सांगा. धडा माझ्या आत्याने शिकवलाय आणि आखलाय मी. चुकलं असेल तर आमचंच चुकलंय."

पलीकडे मागून धुलाईयंत्रांचा घरघराट येत होता.

"बाई फार चांगल्या आहेत," ती म्हणाली. "पण चौथ्या धड्यात त्या स्क्रूपाशी त्या म्हणतात ना, 'हे तर डोळे मिटून जमतं.' मी डोळे उघडे ठेवून चार दिवस केलं, ताई. जमेना. म्हटलं, बाकीच्यांना डोळे मिटून जमतंय, म्हणजे खोट आपल्यातच असणार. मग बंद केलं."

भिंगरीने ते वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

"आणि अजून एक," तिकडून आवाज आला, "मोबाइलला रेंज फक्त जिन्यात येते. मशीन आत. मी जिन्यात बघते, पाठ करते, आत जाते. आत जाईपर्यंत अर्धं विसरते."

त्यानंतर भिंगरीने पहिल्या पाचांना पुन्हा फोन केले आणि वेळ मिळाला का हे न विचारता सरळ सातव्या मिनिटाचं विचारलं. शिंपी म्हणाले, "पस्तीस वर्षं मशीनवर बसतोय मी. आता कुणाला सांगू, सोपा स्क्रू बसवता येत नाही म्हणून?"

चौथा धडा होता सुई आणि शटल यांची वेळ जुळवण्याचा. सुई खाली जाऊन केसभर वर येते, नेमकं तेव्हा खालच्या शटलच्या टोकाने तिच्या धाग्याचा फास पकडायला हवा. जरा मागेपुढे झालं की टाके सुटतात. ते जुळवायला सुईच्या दांडीचा एक स्क्रू सैल करून दांडी किंचित वरखाली करायची असते. आत्याला त्यात अवघड असं काहीच वाटत नव्हतं, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

आता हे आत्याला सांगायचं कसं? भिंगरीने चार दिवस टाळलं. पाचव्या दिवशी दुकानात गेली, चहा घेतला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, आणि शेवटी निघता निघता दारात उभं राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगण्याची ती रीत नव्हती हे तिचं तिलाच कळलं.

आत्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"माझ्या हाताखालून दोनशे जणी शिकून गेल्या," ती म्हणाली. "कितीतरी जणींनी स्वतःची दुकानं काढली. एकीने तरी सांगितलं का कधी, बाई, तुमच्या बोलण्याने मला कमीपणा वाटला म्हणून?"

"तसं नाही गं आत्या..."

"मग कसं? तुझ्या त्या डबड्यात बोलले म्हणून माझं शिकवणं वाईट झालं?"

पुढचे दोन दिवस आत्याने फोन उचलला नाही. आतोबा उचलायचे. ते निवृत्त ग्रंथपाल. उभी हयात लोकांना 'हळू बोला' सांगण्यात गेल्यामुळे घरातही कुजबुजतच बोलायचे. "रागावलेली नाहीये," ते कुजबुजले. "विचार करतेय. विचार करताना ती भांडी जोरात आपटते. तू ये रविवारी."

रविवारी भिंगरी गेली तेव्हा मागच्या खोलीत टेबलावर एक मशीन उघडून ठेवलेलं होतं. समोर मोबाइल उभा केलेला.

"बस," आत्या म्हणाली. "याची वेळ मीच बिघडवून ठेवलीय. चौथा धडा लाव आणि दुरुस्त कर. मी इथे नाहीच असं समज."

भिंगरीच्या आत्ता लक्षात आलं की बारा धडे आखताना आपण एकदाही स्क्रूड्रायव्हर हातात धरला नव्हता. ती बसली. आत्या शेजारी स्टुलावर, तोंडावर हात दाबून. पडद्यावरची आत्या म्हणाली, स्क्रू उजवीकडून सैल करा. भिंगरीने पडद्याकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग पुन्हा पडद्याकडे. पडद्यावरचा हात डावीकडून येत होता. तिने मान वाकडी करून पाहिलं. भलताच स्क्रू फिरवला. दांडी खटकन खाली घसरली.

"आता दांडी केसभर वर घ्या," पडद्यावरची आत्या हसून म्हणाली, "हे तर डोळे मिटून जमतं!"

"अगं गप्प बस ना!" स्टुलावरची आत्या पडद्यावर खेकसली. "दिसत नाही का तुला, तिला जमत नाहीये ते!"

 दारात उभे असलेले आतोबा खुदकन हसले, भिंगरीला हसू आवरेना, आणि शेवटी आत्याही हसली. डोळे पुसत, पोट धरून हसली.

हसू ओसरल्यावर ती उठून भिंगरीच्या मागे आली. मागच्या खोलीत शिकणाऱ्या प्रत्येकीच्या मागे ती अशीच उभी राहायची. तिने भिंगरीच्या हातावर स्वतःचा हात ठेवला, तेलाने काळा पडलेला, खरखरीत. "हा स्क्रू. अर्धाच फिरव. आता धर दांडी. थांब, दाबू नकोस. हं. डोळे मिटून जमतं."

आणि जमलं. चाक फिरवल्यावर फास अलगद पकडला गेला.

आत्या तशीच उभी राहिली. "वाक्य तेच होतं गं," ती हळूच म्हणाली. "दोनशे जणींना तेच म्हणाले मी. पण तेव्हा हात होता ना त्यांच्या हातावर."

"आणि कॅमेरा मी समोर लावला," भिंगरी म्हणाली. "तुझा चेहरा छान दिसावा म्हणून. त्यांना सगळं उलटंच दिसलं. तुझ्या जागेवरून काही दिसलंच नाही."

"म्हणजे निम्मी चूक तुझी."

"निम्मीहून जास्त."

"बरं झालं. एकटीला नको होती मला."

चौथा धडा पुन्हा करायचं ठरलं. कॅमेरा आता आत्याच्या खांद्यावरून खाली बघणार होता, म्हणजे शिकणाऱ्याला स्वतःचेच हात दिसताहेत असं वाटावं. पण कॅमेऱ्याचा स्टँड तिथे मावेना; आत्याची कोपरं सारखी त्याला लागायची. शेवटी आतोबा मोबाइल दोन्ही हातांत धरून तिच्या मागे उभे राहिले. उंच माणूस, श्वासही न घेता उभा. पहिल्या दोन वेळा ते श्वास घ्यायचे विसरले आणि मध्येच मोठ्याने सुस्कारा टाकून बसले, म्हणून पुन्हा करावं लागलं.

एका मोठ्या धड्याचे तीन छोटे धडे केले. प्रत्येक हालचालीनंतर आत्या सांगायची, "आता मला थांबव आणि तू कर. झालं की ये, मी आहे." तेवढं सोपं होतं. अवघड होतं ते 'डोळे मिटून'च्या जागी काय म्हणायचं हे. भिंगरीने दोन-तीन वाक्यं लिहून दिली. आत्याने वाचली आणि कागद परत दिला. "हे पाटीवर लिहिल्यासारखं आहे. मी बघते माझं मी."

तिसऱ्या वेळी चित्रण सुरू झालं. आत्या स्क्रूपाशी आली, थांबली, आणि म्हणाली, "इथे पहिल्यांदा सगळ्यांचं चुकतं. माझंही चुकलं होतं. तीन दिवस मी या एका स्क्रूशी झटत होते."

"अकरा," मागून कुजबुज आली.

आत्याने मान वळवली. "काय?"

"तीन नाही, अकरा दिवस. आपलं नवीन लग्न झालं होतं. तू मशीनपुढून उठत नव्हतीस आणि स्वयंपाक मी करत होतो. मला दिवस नीट लक्षात आहेत."

"अहो, चालू आहे ते!"

"हो का? मग असू दे."

भिंगरीने बंदचं बटण दाबायला बोट उचललं होतं. ते तिने मागे घेतलं. आत्या पुन्हा मशीनकडे वळली, कान लाल झालेले, आणि म्हणाली, "बरं, अकरा. तर तुला बारा लागले तरी चालतील."

आतोबांनी एक काम स्वतःहूनही केलं. जिन्यातल्या त्या बाईचं ऐकल्यापासून ते अस्वस्थ होते. त्यांनी एका कागदावर सहा चित्रं काढली, हात, स्क्रू, दांडी, बाण, आणि अगदी ग्रंथालयातल्या सूचीकार्डांवर लिहायचे तशा टपोऱ्या अक्षरांत खुणा घातल्या. कागद छापून एकेचाळीस जणांना टपालाने पाठवला. मशीनवर चिकटवला की जिन्यात जायला नको.

विभागप्रमुखांनी नवा धडा पाहिला. "मागून कोणाचा तरी आवाज येतोय. तो काढा."

"सर, तो राहू द्या," भिंगरी म्हणाली. "पंधरा दिवस बघू."

पंधरा दिवसांत एकेचाळिसांतले अठ्ठावीस जण पाचव्या धड्यावर गेले. बाकीचे तेरा काही परत आले नाहीत. त्यांनाही भिंगरीने फोन केले, त्यातल्या तिघी म्हणाल्या सुट्टीत करू, आणि उरलेल्यांचं काय झालं ते तिला कधीच कळलं नाही. शिंपीबुवांनी दोन ओळींचा निरोप पाठवला: जमलं. सात दिवस लागले. अकरावाल्यांना नमस्कार सांगा. विभागप्रमुखांनी आवाजाचा विषय पुन्हा काढला नाही.

एका दुपारी भिंगरी दुकानात असताना धुलाई विभागातल्या त्या बाईचा फोन आला. "ताई, मशीन आज जिन्यापाशी ओढून आणलंय. बाई आहेत का तिथे? त्यांना काही सांगायचं नाहीये. फक्त ऐकवायचंय."

भिंगरीने मोबाइल आत्याच्या कानाशी धरला. पलीकडे मशीन सुरू झालं. एक लांबलचक चादर असावी, कारण आवाज थांबतच नव्हता, एकसारखा, न अडखळता. आत्याने हातातलं काम बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिली. चेहरा असा, की भिंगरीला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

"सुरेख," आवाज थांबल्यावर आत्या म्हणाली. "फार सुरेख चाललंय गं बाई." मग डोळे उघडून तिने पुढे जोडलं, "चाकाच्या बाजूला दोन थेंब तेल घाल. कोरडं वाजतंय."