पन्नास नव्हे, तीन

मित्रांनो, माझ्या अंगावर मिलिलिटरच्या शंभर रेघा आहेत आणि ओठाला एक टवका. मी लहान मुलांच्या वॉर्डातले जुने काचेचे मोजपात्र आहे. माझे काम आजारी मुलांची शू मोजणे. हसू आले? खुशाल हसा.

कारखान्यात एका कारागिराने माझ्यात पाणी ओतून एकेक रेघ पारखली होती. "हे खोटं बोलणार नाही," एवढीच त्याची शाबासकी. बावीस वर्षे मी ती जपली. मग खुणा छापलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर माझ्यात पेने उभी राहिली.

एका सकाळी भिंगरी आली. वय पाच, एका जागी ठरत नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेले हे नाव. त्या दिवशी मात्र तापाने फणफणून निपचित पडलेली. तिला जन्मापासून मूत्रपिंड एकच, आणि त्याच्याच वाटेत खडा अडकलेला. सर्जनबाईंनी तातडीने शस्त्रक्रिया करून खडा काढला आणि मूत्रपिंडातून एक बारीक नळी बाहेर पिशवीत सोडली. नळी वाहती राहिली तरच ते मूत्रपिंड वाचणार होते.

दुपारी एक वाजता नव्या डॉक्टरांनी पिशवीकडे पाहून तक्त्यात लिहिले, या तासाची शू पन्नास. दोन वाजता पुन्हा पन्नास.

मोठ्या सिस्टरांच्या कपाळाला आठी पडली. मध्ये पिशवी कोणी रिकामी केली, असे त्यांनी विचारले. कोणीच केली नव्हती. म्हणजे एक वाजताचीच शू दोनला पुन्हा लिहिली गेली होती. त्यांनी पिशवी रिकामी केली, माझ्यातली पेने काढली, मला धुतले. अडीचला पिशवीत साचले होते ते माझ्यात ओतले. माझा तळ जेमतेम ओला झाला.

"तीन," सिस्टर म्हणाल्या.

तुमचे हे म्हातारे भांडे चुकत असेल, असे नवे डॉक्टर पुटपुटले.

"म्हातारं आहे, आंधळं नाही. बाईंना बोलवा."

सर्जनबाई धावतच आल्या. नळीत रक्ताची गाठ अडकली होती. त्यांनी सिरिंजने सलाईन हळूच आत सोडले. काही नाही. आईने कॉटची दांडी घट्ट धरली. बाईंनी पुन्हा सोडले, आणि गाठ सुटली.

सिस्टरांनी मला नळीखाली धरले. आधी थेंब, मग धार! दहा, चाळीस, नव्वद. माझी शंभरावी रेघ बुडाली आणि सिस्टरांना दुसरे भांडे शोधावे लागले.

"पोरीची शू बघून नाचावंसं वाटेल, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं," बाबा डोळे पुसत म्हणाले.

नव्या डॉक्टरांनी दोनचे पन्नास खोडून शेजारी सही केली. चारच्या मापाला ते गुडघ्यावर बसले, डोळे माझ्या रेघेच्या पातळीत आणून.

नवव्या दिवशी भिंगरी वॉर्डभर गरगर फिरत घरी गेली. जाता जाता मला पाडणारच होती. सिस्टरांनी वरच्या वर झेलले.

मित्रांनो, जिथे कुणाचा जीव टांगलेला असतो, तिथे नुसते पाहून लिहू नका, मोजून लिहा. आणि पेनांसाठी दुसरा डबा बघा. मी कामात आहे.