चाळीस अधिक अठ्ठावीस गुणिले वीस

मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. उन्हावर चालतो. सेल लागत नाहीत, चार्जिंग लागत नाही. माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा झिजून गेला आहे आणि पाठीचं झाकण चिकटपट्टीनं धरून ठेवलं आहे. दिसायला मी काही खास नाही, पण मित्रांनो, जे सांगणार आहे ते नीट ऐका. एवढं स्पष्ट मी पूर्वी कुणाला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका लांबलचक टेबलावर माझ्यासारखे शेकडो जण ओळीनं पडले होते. एका बाईनं माझ्या पोटात नखाएवढा काळा तुकडा बसवला, दुसरीनं बटणं बसवली, तिसरीनं दोन अधिक दोन करून पाहिलं आणि मला खोक्यात टाकलं. त्या तुकड्यात बुद्धी थोडी. मला एका वेळी हातातली एक संख्या आणि एक चिन्ह, एवढंच लक्षात राहतं. पुढचं बटण दाबलंत की मागचं मी लगेच उरकून टाकतो. पुढे काय येणार आहे याची वाट बघणं माझ्या स्वभावात नाही. माझे काही महागडे भाऊबंद थांबतात. पुढे गुणाकार येतोय का ते बघतात आणि मगच बेरीज करतात. मी तसा नाही. माझा सगळा तोरा वेगाचा होता.

मला विकत घेतलं तेफोतोनं. तो तुवालूचा. प्रशांत महासागरातल्या एका चिंचोळ्या बेटावर त्याचं घर. एका बाजूला खुला समुद्र, दुसऱ्या बाजूला उथळ पाण्याचं शांत खाजण, मधे माडांची रांग आणि अठ्ठावीस घरं. तेफोतो मालवाहू जहाजांवर खलाशी होता. त्याची मुलगी लितीया बेटावरच्या शाळेत शिक्षिका झाली, त्या वर्षी त्यानं कुठल्याशा बंदरात मला घेतलं आणि घरी आल्यावर तिच्या हातात ठेवलं.

"घे. आता तू आणि हा मिळून कुणाला ऐकू नका," तो म्हणाला.

"बाबा, मला तोंडी येतं सगळं."

"येतं गं. पण मास्तरणीच्या गळ्यात काहीतरी नको का?"

तिनं मला दोरी बांधली आणि गळ्यात अडकवलं. तेव्हापासून मी तिथेच असतो. शाळेचे गुण मी केले. देवळाच्या छपराला किती पत्रे लागतील ते मी सांगितलं. मेजवानीला किती मासे, किती पुलाका कंद, किती नारळ, सगळं माझ्याकडून होऊन जाई. तेफोतो जहाजावरची नोकरी सोडून कायमचा घरी आला, सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी उतरवू लागला, आणि चार माणसांत बसला की एकच सांगायचा, "माझ्या लेकीनं मोजलंय ना? मग झालं." लितीया लाजायची. मी मात्र फुगायचो, खरं सांगतो.

एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नाही. लितीया आधी कागदावर मांडायची आणि मगच माझी बटणं दाबायची. कुठलं आधी, कुठलं नंतर, हे तिचं डोकं ठरवत होतं. शाबासकी मात्र आम्ही दोघं वाटून घेत होतो.

मग ते वर्ष आलं. सहा महिने पाऊस नाही. आमच्याकडे नदी नाही, तळं नाही. पत्र्यावरून वाहून टाकीत साठतं तेवढंच पाणी. विहिरींचं पाणी खारट झालं. शहाळी सुपारीएवढी असतानाच गळू लागली. घराघरांच्या टाक्या कोरड्या पडल्या आणि उरली फक्त देवळाची मोठी टाकी. तिच्यात पंधरा हजार लिटर पाणी होतं. राजधानीहून पाण्याचं जहाज वीस दिवसांनी येणार, असा निरोप आला.

दुपारी सगळं बेट सभाघरात जमलं. चटयांवर वडीलधारी माणसं खांबांना टेकून बसली, आणि लितीया मधे, सगळ्यांच्या नजरेसमोर. बेटाचे प्रमुख कैतुआजोबा आकडे सांगणार आणि ती बटणं दाबणार असं ठरलं.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. मासे असोत, कंद असोत, काहीही असो, पहिलं नाव पाळकांच्या, म्हणजे आमच्या देवळातल्या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या घराचं. मग आजारी माणसांचं. घरांची पाळी त्यानंतर. हा मानाचा क्रम कुणी मोडत नाही, बोलतानासुद्धा नाही. कैतुआजोबांनी तो मोडायचं काही कारणच नव्हतं.

"पाळकांचं घर आणि दवाखाना मिळून चाळीस लिटर," ते म्हणाले.

लितीयानं चाळीस दाबलं.

"अधिक, घरं अठ्ठावीस."

तिनं अधिक दाबलं, अठ्ठावीस दाबलं.

"दर घराला एक बादली, म्हणजे वीस."

तिनं गुणिले वीस दाबलं.

मित्रांनो, आता माझं काय झालं ते पाहा. तिनं गुणाकाराच्या बटणावर बोट ठेवताक्षणी मी चाळीसमध्ये अठ्ठावीस मिळवून मोकळा झालो. अडुसष्ट. कशात काय मिळवलं मी? लिटरांत घरं मिळवली. मग त्या अडुसष्टाला विसानं गुणलं आणि तेराशे साठ दाखवले. खरं उत्तर सहाशे होतं. कागदावर लितीयाच काय, तिच्या वर्गातलं पोरही चुकलं नसतं. तुम्ही शाळेत कंचेभागुबेव घोकता, तसंच तिथली मुलंही आपलं सूत्र घोकतात. पण सभा भरली होती, घसे कोरडे होते, आणि उत्तर माझ्या पडद्यावर आयतं उभं होतं.

तिनं पंधरा हजाराला तेराशे साठनं भागलं.

"अकरा दिवस," ती म्हणाली.

अकरा ऐकल्यावर कुणी तेराशे साठकडे वळून पाहिलं नाही. जहाज वीस दिवसांनी येणार आणि पाणी अकरा दिवसांचं. कैतुआजोबांनी अर्धी बादली करून बघायला सांगितलं. वीस, अधिक अठ्ठावीस, गुणिले दहा. मी चारशे ऐंशी दाखवले. म्हणजे एकतीस दिवस. ठरलं. दर घराला दिवसाला अर्धी बादली.

कुणीतरी मागून कुरकुरलं, "आमच्या घरात आठ माणसं आहेत. पुन्हा एकदा बघा तरी."

तेफोतो खांबापाशी बसला होता. तो म्हणाला, "लितीयानं मोजलंय. पुन्हा काय बघायचं?"

अर्ध्या बादलीत आठ माणसं म्हणजे काय, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या उन्हात तर नाहीच. लितीयाच्या घरात दोन लहान मुलं होती. तेफोतो आपल्या वाटणीचा पेला हातात घ्यायचा, ओठाला लावायचा आणि खाली ठेवायचा. जरा वेळानं तो पेला मुलांच्या हातात दिसायचा. विचारलं तर म्हणायचा, "मी माडावर माडी चाटली की मग." पण माड आटले होते, त्यात चाटण्यापुरतीही माडी नव्हती. मला हे दिसत होतं. मी लितीयाच्या गळ्यात होतो आणि ती रांगेत बादल्या भरून द्यायला टाकीपाशी असायची. मला तोंड असतं तर, असं मी पुष्कळदा मनात आणलं आहे. पण तोंड असतं तरी मी तेव्हा तेच चुकीचं उत्तर सांगितलं असतं, कारण मला ते चुकीचं वाटतच नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी लितीयानं टाकीत काठी बुडवून पाणी मोजलं. माझ्या हिशेबानं अकरा हजारांच्या थोडं वर हवं होतं. काठी साडेबारा हजारांच्या पुढे दाखवत होती. तिनं दोनदा बुडवून पाहिली. ती कैतुआजोबांकडे गेली.

"आजोबा, पाणी जास्त भरतंय."

"मग रडतेस कशाला? देव घालतोय," ते शांतपणे म्हणाले. "आपण रोज प्रार्थना करतो ती काय उगाच? तू मोजत बसू नकोस."

"मोजायचं काम तुम्हीच दिलंय मला."

"दिलंय. पण देवाचं माप काढायला नाही दिलं."

ती काठी घेऊन परत फिरली. बेटभर बातमी पसरली की टाकीत पाणी वाढतंय, आणि लोकांनी त्या आनंदात अर्ध्या बादलीबद्दल कुरकुर करणंही सोडून दिलं.

नवव्या दिवशी तेफोतो माडाखाली पडलेला सापडला. चढताना नाही, नुसता उभा असताना पडला. चौघांनी उचलून दवाखान्यात आणला. नर्स सेलूनं त्याच्या हाताची कातडी चिमटीत धरली. सोडल्यावरही ती घडी तशीच उभी राहिली.

"यांनी पाणी किती घेतलंय?" तिनं विचारलं.

"आमच्यासारखंच," लितीया म्हणाली.

"नाही गं. यांनी जवळजवळ घेतलेलंच नाही. सलाइनच्या दोन बाटल्या आहेत, त्या लावते. पण मूत्रपिंडं दमली असतील तर माझ्या हातात काही नाही." सेलूनं बाटली टांगली. "पाणी मिळायला हवं होतं यांना. दुसरं काही झालेलं नाही."

लितीया दवाखान्याच्या ओट्यावर येऊन बसली. तिथे बायका शंखांच्या माळा ओवत बसतात, त्यांची पांढऱ्या शिंपल्यांची टोपली तशीच पडली होती. तिनं टोपली ओढली. मला वाटलं, हात गुंतवायला घेतली असेल. पण तिनं एकेक शिंपला मांडायला सुरुवात केली. एक शिंपला म्हणजे अर्धी बादली. टोकाचं घर, एक. शेजारचं घर, एक. पुढचं, एक. ती मनाशी नावं घेत होती. अठ्ठावीस शिंपले मांडून झाले, मग पाळकांच्या घराचा एक ठेवला आणि दवाखान्याचा एक.

तीस शिंपले. म्हणजे तीनशे लिटर.

तिनं पुन्हा मोजले. मग मला हातात घेतलं आणि सभाघरात दाबली होती तीच बटणं त्याच क्रमानं दाबली. मी तत्परतेनं चारशे ऐंशी दाखवले. अठ्ठेचाळीस शिंपले हवेत असं मी म्हणत होतो आणि तिच्यासमोर तीसच होते. बाकीचे अठरा कुठल्याच घरचे नव्हते.

तिनं मग बटणं हळूहळू दाबली. वीस. अधिक. अठ्ठावीस. गुणिले. तिथे थांबून तिनं माझ्या पडद्याकडे पाहिलं. तिथे अठ्ठेचाळीस उभे होते. तेव्हा तिला मी कळलो आणि मित्रांनो, तेव्हाच मला मीही कळलो. गुणाकार म्हणजे सारखे ढीग. आधी प्रत्येक घराचा ढीग पूर्ण मांडायचा, मगच त्यांत वरचं काही मिळवता येतं. ढीग होण्याआधी मिळवलंत तर तुम्ही पाण्यात घरं मिळवता. ते सूत्र कुणा मास्तरानं मुलांना छळायला काढलेलं नाही. मान कुणाला आधी द्यायचा हे माणसांनी ठरवावं. ढिगांना तो क्रम लागत नाही.

लितीया तशीच उठून सभाघरात गेली. कैतुआजोबा आणि चार वडील माणसं बसली होती. ती दारातच खाली बसली.

"देवानं पाणी घातलेलं नाही," ती म्हणाली. "मी चुकले. एक बादली दिली असती तरी पाणी पंचवीस दिवस पुरलं असतं. जहाजाच्या पुढे पाच दिवस."

मग कैतुआजोबा म्हणाले, "आकडे मी सांगितले."

"बटणं मी दाबली."

"पाळकांचं आधी, असं मीच म्हणालो."

"ते बरोबरच होतं, आजोबा. मी थांबायला हवं होतं."

त्याच दुपारी घराघरांत पूर्ण बादली गेली. लितीया आपल्या घरची बादली घेऊन दवाखान्यात आली. तेफोतो शुद्धीवर होता. तिनं त्याच्या ओठांशी पेला धरला. त्यानं दोन घोट घेतले आणि सवयीनं पेला बाजूला सारला.

"पोरांना दे."

"पोरांना आहे, बाबा. सगळ्यांना आहे. आधीपासून होतं." तिनं पेला खाली ठेवला. "माझं गणित चुकलं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल, निदान रागवेल. त्यानं हात उचलला, तिच्या गळ्यातली माझी दोरी सरळ केली, आणि डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

विसाव्या दिवशी जहाज आलं. त्या दिवशी टाकीत सत्तावन्नशे लिटर पाणी शिल्लक होतं.

कुणी म्हणालं, फेकून द्या तो कॅल्क्युलेटर खाजणात. लितीयाच्या धाकट्या भावानं मला ओढून घ्यायलाही हात पुढे केला होता. तिनं दिलं नाही. "त्यानं मी सांगितलं तसंच केलं," एवढंच ती म्हणाली. मला ते बोचलं. त्यापेक्षा पाण्यात पडलो असतो तर बरं, असं तेव्हा वाटलं.

आता दर वर्षी नव्या मुलांना ती मला दाखवते. त्यांच्याकडून तीच बटणं दाबून घेते, मला वर्गासमोर चुकू देते, आणि मग शिंपले मांडायला लावते. मी दर वर्षी चुकतो. माझ्यात सुधारणा होण्यासारखं काही नाही. म्हणून मित्रांनो, तुम्हाला हात जोडून सांगतो, मला जपू नका, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण माझ्याकडे येण्याआधी ढीग कुठले आणि सुटं कुठलं हे स्वतः मांडा. यंत्र चटकन उत्तर देतं म्हणून त्यानं विचार केला असेल असं समजू नका.

यंदा मुलांतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तेफोतोआजोबांना किती पाणी लागलं असतं?"

लितीयानं मला हात लावला नाही.

"दिवसाला दोन लिटर. नऊ दिवस," ती म्हणाली. "अठरा लिटर. एक बादलीसुद्धा नाही."

दोन गुणिले नऊ. यात आधी काय आणि नंतर काय हा प्रश्नच नाही. हे गणित मलाही बरोबर आलं असतं.