गोलामागची जागा

प्रशिक्षक गुडघे टेकून मुलीच्या डाव्या पायाचं पॅड बांधत होते आणि मुलीची आई उजव्या पायाचं सोडत होती. दोघांचेही हात सारखेच चालत असल्यामुळे मुलगी होती तिथेच होती.

"बास झालं, सर," आई म्हणाली. "सहा महिने नुसती गोलात उभी राहतेय. उभं राहायला आमच्या घरीही जागा आहे."

"ताई, रविवारी स्पर्धेतला पहिला सामना. तिथे गोलकीपर नसला तर संघच बाद करतात हो."

हे मात्र खरं होतं. हॉकी क्लबात मुलं आणणं प्रशिक्षकांना जड जात नसे. त्या कामी त्यांनी लाज केव्हाच गुंडाळून ठेवली होती. दाताच्या डॉक्टरकडे रांगेत बसून त्यांनी मुलं गाठली होती. एकदा तर लिफ्टमध्ये अडकले असताना दोघं भाऊ पटवले होते. घोडं अडायचं ते टिकवण्यात. नव्या स्टिकची नवलाई संपली की मुलं गिटारकडे वळत. म्हणून क्लबाची जुनी रीत होती, की धावण्यात मागे आणि बोलण्यात त्याहून मागे असलेलं मूल गोलात घालायचं. अंगावर एवढं ओझं चढवलं की ते पळून जात नाही.

"घरी मीठ हवं असलं तरी मागत नाही ही. अळणी जेवून उठते," आई म्हणाली. "इथे चार शब्द बोलेल म्हणून घातली, तर तुम्ही तिला सगळ्यांपासून लांब नेऊन ठेवलीत."

"आजचा सराव बघा, मग न्या." वेळ मारून नेण्यात प्रशिक्षकांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आई तडक गोलाच्या जाळीमागे जाऊन उभी राहिली. तिची समजूत काढायची, तर तिथेच जाणं आलं. मदतनिसाकडे शिट्टी सोपवून प्रशिक्षकही गेले. इतक्या वर्षांत ते कायम मैदानाच्या मधोमध उभे असत.

ते तोंड उघडणार, तोच जाळीपलीकडून आवाज आला.

"चष्मिष, डावीकडे! लंबू, तुझ्यामागे एक सुटलाय. अरे, चेंडू काय बघतोस, माणूस बघ!"

एकही जण मागे वळून पाहत नव्हता, आणि जो तो नेमका जागी सरकत होता.

"आता तिकडे देईल. लंबू, जा!"

चेंडू अजून निघालाही नव्हता. निघाला, तेव्हा लंबूची स्टिक त्याची वाट पाहत होती.

प्रशिक्षक जाळीच्या आणखी जवळ सरकले. संघाचा बचाव सुधारल्याचं श्रेय त्यांनी गेल्याच बैठकीत, अत्यंत नम्रपणे, स्वीकारलं होतं.

आईने जाळी घट्ट धरली होती. "ही रोज अशी बोलते?"

'आमची पद्धतच आहे ती,' हे वाक्य प्रशिक्षकांच्या ओठांवर आलं होतं.

"माहीत नाही, ताई," ते म्हणाले. "मी कधी इथे उभाच राहिलो नाही."

"आई, जाळी सोड. मागे हो," मुलगी वळूनही न पाहता म्हणाली. "सर, तुम्हीपण."

दोघंही निमूट मागे झाले.

मग आईने विचारलं, "रविवारी किती वाजता आणू?"

"हळू," प्रशिक्षक कुजबुजले. "ओरडेल ती."